राजीखुशीने आले म्हणे!

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पानावर भायल्यांबद्दल, म्हणजे बाहेरून आलेल्या मजुरांबद्दल, लागोपाठ तीन पत्रं आली. तिन्ही वाचली, त्यातली दोन तर चहा गार होईस्तोवर परत वाचली. रस्त्यावर थुंकतात, नाल्यात कचरा टाकतात, एका खोलीत दहा दहा जण राहतात, यातलं बरंचसं खरं आहे, मी नाही म्हणत नाही, माझ्या घरामागेच असल्या चार खोल्या आहेत आणि पावसाळ्यात तिकडून काय वास येतो ते मला विचारा. पण एका पत्रातलं एक वाक्य घशात अडकून बसलंय. त्यांना कुणी हात धरून आणलं नाही, राजीखुशीने आले, पटत नसेल तर परत जावं, असं काहीसं.

राजीखुशीने! अहो हा शब्द मी नोकरीभर वाचलाय. इथं गोव्यात पेडणे तालुक्यात एका पंचायतीत क्लार्क म्हणून तीस वर्षं काढली. 'मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता लिहून देतो की' आणि खाली अंगठा. वर काय लिहिलंय ते अंगठा देणाऱ्याला कित्येकदा वाचताच यायचं नाही, शेजारी उभा असलेला माणूसच सगळं बोलायचा, हा आपला मुंडी हलवायचा. एकदा एका म्हाताऱ्याने अंगठा देऊन झाल्यावर मला विचारलेलं, बाबा आता घर माझं का त्याचं? तेव्हापासून कागदावर राजीखुशी दिसली की मी आधी शेजारच्या माणसाकडे बघतो.

तर या राजीखुशीची गोष्ट जरा मागून सांगतो, रिटायर झाल्यावर वाचनाचा नाद लागलाय, त्यामुळे पत्र लांबणार, आधीच माफी मागतो.

इंग्रजांनी १८३३ साली गुलामगिरी बंद करायचा कायदा केला, १ ऑगस्ट १८३४ पासून लागू. गुलामांच्या मालकांना नुकसानभरपाई मिळाली दोन कोटी पौंड, गुलामांना दमडी नाही. मग उसाच्या मळ्यात राबणार कोण? सुटलेली माणसं ज्या मळ्यात चाबूक खाल्ला तिथं कशाला राहतील, म्हणून मळेवाल्यांची नजर वळली आपल्याकडे. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अ‍ॅटलस' नावाचं जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन मॉरिशसला पोर्ट लुईला लागलं. त्या धक्क्याला आज आप्रवासी घाट म्हणतात, २००६ पासून तो जागतिक वारशात आहे. पुढे एकट्या मॉरिशसला साडेचार लाखांच्या आसपास माणसं गेली, दक्षिण आफ्रिकेत नाताळ प्रांतात दीड लाख, फिजीला साठ हजार, गयाना त्रिनिदाद वेगळेच. पाच वर्षांचा करार, म्हणजे अ‍ॅग्रीमेंट, त्याचं तोंडातल्या तोंडात झालं 'गिरमिट'. आपल्याकडे गिरमिट म्हटलं की कुणाला हुबळीचे चुरमुरे आठवतात, कुणाला सुताराचं भोक पाडायचं हत्यार, पण त्या लोकांच्या नातवंडांना अजून त्या शब्दाने गहिवरून येतं.

आता यातली गंमत बघा, गंमत म्हणवत नाही पण. बोटीवर चढवायच्या आधी मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचे आणि विचारायचे, आपल्या मर्जीने जातोस ना? माणूस हो म्हणायचा. आरकाट्याने, म्हणजे भरती करणाऱ्या दलालाने, त्याला डेपोत ठेवून खाऊ घातलेलं, मागे दुष्काळ, सावकार, नाहीतर घरातलं भांडण, आणि जायचं कुठं ते अनेकांना धड सांगितलेलंही नसायचं, समुद्र किती दिवसांचा ते तर नाहीच. कागदावर मात्र सगळं चोख. मळ्यावर पोचल्यावर नियम असा की एक दिवस गैरहजर राहिलात तर दोन दिवसांचा पगार कापणार, त्याला तिथं 'डबल कट' म्हणायचे. सुरवातीला परतीचं तिकीट फुकट होतं, पण मॉरिशसने १८५०च्या दशकात तेही काढून टाकलं. म्हणजे राजीखुशीने आलास, आता राजीखुशीने परत जायचं तर स्वतःच्या पैशाने जा, आणि पैसा डबल कटमध्ये गेलेला.

आणि करार संपवून जे तिथंच राहिले, त्यांच्यासाठी १८६७ साली नवा कायदा आला, प्रत्येकाने फोटो लावलेला पास जवळ बाळगायचा, नसला तर पोलीस धरणार. १८६७ साली फोटो! आमच्या पेडण्यात तेव्हा फोटो म्हणजे काय ते किती जणांना ठाऊक असेल? हे वाचताना मला आपलं टेनंट व्हेरिफिकेशन, म्हणजे भाडेकरूंची पोलिसांतली नोंद, आठवलं, त्यावर शेवटी बोलतो. तिथं दे प्लेव्हिट्झ म्हणून एक गोरा माणूस होता, मळ्यावरच कामाला, त्याला हे बघवेना, त्याने १८७१ मध्ये ९,४०१ जुन्या मजुरांच्या सह्या-अंगठे घेऊन अर्ज केला, मग चौकशीला रॉयल कमिशन बसलं. मळेवाल्यांनी त्याचा भयंकर राग राग केला. अंगठा जसा अडकवायला चालतो तसा सोडवायलाही चालतो हे मला तिथं कळलं.

कुणी म्हणेल यूपी-बिहारची गोष्ट आम्हाला कशाला सांगता. तर मॉरिशसला गेलेल्यांत आपले कोकणातलेही होते, मुंबई बंदरातून गेलेले, रत्नागिरीकडचे. त्यांची पोरं तिथं अजून मराठी शिकतात, जाखडी नाचतात त्याला झाकरी म्हणतात, आणि गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सुट्टी असते. आणि हा सगळा गिरमिटाचा धंदा बंद व्हावा म्हणून दिल्ली-कलकत्त्याच्या कौन्सिलात जे भांडले ते गोपाळ कृष्ण गोखले मूळ कोतळूकचे, गुहागर तालुक्यातले. १९१० ला नाताळची भरती थांबवायचा ठराव त्यांनी पास करून घेतला, १९१२ ला सगळंच बंद करा म्हणाले तर सरकारी मतांनी पाडलं. फसवणुकीवर उभी आणि जबरदस्तीवर टिकलेली पद्धत, असा त्यांच्या बोलण्याचा मतलब होता. बोटी थांबल्या त्या १९१७ ला. गोखले तोवर गेले होते.

आता मुंबई. इथं माझं घर येतं म्हणून जरा सावकाश सांगतो.

कापूस कुठला कुठं जातो बघा. अमेरिकेतल्या गुलामांनी वेचलेला कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांत जायचा. १८६१ ला तिकडे गुलामगिरीवरून यादवी पेटली, कापूस बंद झाला, इंग्रजांनी आपला कापूस उचलला आणि मुंबईच्या शेठजींच्या घरी पैशाचा पूर आला. १८६५ ला युद्ध संपलं आणि पूर ओसरला तसे कित्येक शेठ बुडाले, पण शहर फुगलं ते फुगलंच. ताडदेवला दावरांची पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये उभी राहायला लागली होती, पुढे परळ, लालबाग, भायखळा धुराड्यांनी भरून गेलं. आणि त्या धुराड्यांखाली कोण, तर आमचा रत्नागिरी जिल्हा, म्हणजे तेव्हाचा, सिंधुदुर्गासकट, आणि त्याला चिकटून असलेला आमचा पेडणे डिचोलीचा पट्टा. सरकार पोर्तुगीजांचं पण चूल मुंबईच्या पैशावर.

माझे आजोबा सतरा वर्षांचे असताना गेले. राजीखुशीने? पणजोबा आजारी पडले, भाटकाराचं, म्हणजे जमीनमालकाचं, देणं झालं, त्याच्या जमिनीत राहणाऱ्या मुंडकाराच्या घराला काय किंमत, निघ म्हटलं की निघायचं. गावातला एक जण गिरणीत जॉबर, म्हणजे कामगार भरणारा मुकादम, होता, तो म्हणाला पोराला माझ्याबरोबर पाठवा. वेंगुर्ल्यापर्यंत चालत आणि तिथून आगबोट. बोटीचं तिकीट जॉबरने काढलं, म्हणजे पहिल्या दोन पगारातून कापून घेतलं, वर नोकरी लावली म्हणून दस्तुरी, म्हणजे दलाली, वेगळी, आणि सणाला त्याच्या घरी नारळ. आजोबा म्हणायचे, मी गिरणीत लागलो नाही, मी त्याच्याकडे लागलो. लालबागला एका गाळ्यात वीस-बावीस जण, पाळीप्रमाणे झोपायचं, एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची पसरली. (एका खोलीत दहा जण राहतात म्हणून ज्यांनी पत्र लिहिलं त्यांनी हे वाक्य परत वाचावं.) जेवण खानावळीत, गावचीच एक बाई चालवायची. या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ ज्यांनी काढलं त्या प्रेमाताई पुरव आपल्या गोव्याच्या, मुक्तिलढ्यातल्या, हे आपल्याकडे किती जणांना माहीत आहे कोण जाणे.

आणि मग १९५५ ची नाकेबंदी. भारत सरकारने गोव्याची वाट आवळली, कॅसलरॉककडून येणारी रेल्वे बंद, जाणं-येणं परवान्यावर, पैसे पाठवायचे वांधे. सरकारचं चुकलं असं मी म्हणत नाही, पोर्तुगीज दुसऱ्या कशाने हलले असते असं वाटत नाही. पण गिरणीतला माणूस तिकडे आणि चूल इकडे. आजी १९५७ ला गेली. आजोबांना कळलं तेव्हा तेरावं होऊन गेलेलं. ते घरी आले १९६२ च्या गणपतीला, आणि दारात उभं राहून विचारलं म्हणे, कोण आहे का घरात? हे मला आत्याने सांगितलं, त्यांनी स्वतः कधी काढलं नाही. काका पुढे त्याच गिरणीत लागले, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख लोक बाहेर पडले, काका वर्षभर वाट बघून एक ट्रंक घेऊन परत आले आणि मरेपर्यंत सांगत राहिले की संप अजून कुणी मागे घेतलेला नाही. ते खरंही आहे.

आता ख्रिश्चन भावांची वाट जरा वेगळी, पण फार नाही. १८७८ साली पोर्तुगीज आणि इंग्रजांनी तह केला, त्यातून मुरगाव बंदर आणि रेल्वे आली हे आपण शाळेत शिकलो, पण त्याच तहाने गोव्याच्या मिठावर इंग्रजांचा ताबा आला हे कमी सांगतात. आमच्या आगरवाड्याचं नावच मिठागरांवरून. मीठ इंग्रजांच्या हाती, माडाच्या सुरेवर कर, मग माणसं काय करणार? मुंबईला गेली, बोटींवर खलाशी, बटलर, आचारी झाली, तारवटी म्हणून. धोबीतलाव माझगावला गावागावाचे कूड झाले, एका कुडात एका गावचे, कोपऱ्यात आल्तार, भिंतीला पेट्या. गोव्याचं म्हणून मिरवतो ते तियात्रसुद्धा पहिल्यांदा झालं ते मुंबईत, १७ एप्रिल १८९२ ला. घराची आठवण आल्याशिवाय माणूस कशाला नाटक करेल!

काही पुढे आफ्रिकेला गेले. युगांडा रेल्वे १८९६ ते १९०१ मध्ये झाली, त्यासाठी हिंदुस्थानातून ३२ हजारांच्या आसपास मजूर करारावर नेले, बरेचसे पंजाबातले, अडीच हजार मेले, काहींना सिंहांनी खाल्लं ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, बाकीचे तापाने आणि हगवणीने मेले ते कुणाला पाठ नाही. आपले गोंयकार तिथं कारकून, आचारी, शिंपी. पगारावर, करारावर नव्हे, म्हणजे खरोखरच राजीखुशीने म्हणता येईल असे. त्यांच्या पोरानातवांना १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा ईदी अमीन याने ९० दिवसांची मुदत दिली, निघा. मग सांगा ते स्थलांतर कुठल्या खात्यात लिहायचं? गेले मर्जीने, निघाले बंदुकीने.

आणि ज्यांच्या राज्यात आपण होतो त्या पोर्तुगीजांचं काय चाललं होतं? गुलामगिरी त्यांनी आपल्या साम्राज्यात १८६९ ला बंद केली, कागदावर. त्याआधी मोझांबिकहून माणसं आणून गोव्यात विकत होते, त्यातले पळून घाट चढून गेलेल्यांचे वंशज म्हणून आपण यल्लापूर हळियाळच्या सिद्दींना ओळखतो. तर १८६९ नंतर अंगोलातून माणसं 'करारावर' साओ तोमे बेटावर कोकोच्या मळ्यात न्यायला लागले. करार पाच वर्षांचा, परत आलेला माणूस शोधून सापडायचा नाही. हे इतकं वाढलं की १९०९ मध्ये कॅडबरी आणि आणखी दोन मोठ्या इंग्रज चॉकलेटवाल्यांनी तिथला कोको घ्यायचं बंद केलं. त्यांनीही बरीच वर्षं विचार करण्यात घालवली, तोवर घेतच होते. तिथंही सरकारी अधिकारी मजुराला विचारायचा म्हणे, मर्जीने आलास ना. हा प्रश्न कुठल्याही भाषेत विचारा, उत्तर एकच ठरलेलं!

आता सगळ्यात जवळची गोष्ट. आपल्याच घरातलं जबरदस्तीचं स्थलांतर, ज्याला आपण विकास म्हणतो. कुर्डी.

सांगे तालुक्यातलं गाव. साळावली धरण बांधायचं ठरलं, दक्षिण गोव्याला पाणी, शेतीला, कारखान्यांना. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः गावात गेले होते सांगायला, की तुम्हाला उठावं लागेल, पण सगळ्या गोव्याचं भलं होईल. गावात तीन हजारांवर माणसं, हिंदू ख्रिश्चन मुसलमान सगळी, नारळ काजू फणस आणि भातशेती. १९८६ ला पाणी चढलं. लोकांना वाडे आणि वालकिणीला जमीन दिली. मोगूबाई कुर्डीकर त्याच गावच्या, १९०४ चा जन्म, त्यांचं नाव जगभर गेलं आणि नावातलं गाव पाण्याखाली. तिथलं कदंबांच्या वेळचं महादेवाचं देऊळ मात्र पुरातत्त्ववाल्यांनी दगड न दगड उचलून वर नेऊन परत उभं केलं, ते बघायला पर्यटक जातात. देवळाचा एकेक दगड जागेवर बसवता आला. घरांचं तसं कुणी केलं नाही, आणि कसं करणार म्हणा, शेजार तर कुणालाच उचलता येत नाही.

दर मे महिन्यात धरणाचं पाणी उतरलं की गाव वर येतं. मी गेलोय दोनदा. जमीन चिरलेली, झाडांचे नुसते बुंधे, घरांच्या जोत्यांच्या रेघा, पाट्यावरवंट्याचे तुकडे. लोक येतात, सोमेश्वराला पूजा होते, कपेलात ख्रिश्चन लोकांचं फेस्त होतं, आणि मग प्रत्येक जण आपापल्या जोत्यावर जाऊन उभा राहतो. पंचाहत्तरीच्या एका बाईने मला हात धरून नेलं आणि दाखवलं, ही माझी रांधची खोली, हितं चूल, हितं तुळस. तिथं काहीच नव्हतं, पण ती उंबरा ओलांडायला पाय उचलत होती. मी विचारलं, तेव्हा नाही म्हणता आलं नसतं का हो? ती म्हणाली, विचारलं कुणी? सही घेतली.

मीसुद्धा सरकारी टेबलामागेच बसलेला माणूस, काय बोलणार. पाण्याचा नळ सोडतो तेव्हा आठवते ती बाई, म्हणजे आमच्याकडे तिळारीचं पाणी येतं, पण तिळारीच्या धरणाखालीही कुणाची तरी गावं गेलीच.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, म्हणजे सगळंच जबरदस्तीचं का? तसं नाही. युरोपातून गेल्या-त्याच्या आधीच्या शतकात पाचेक कोटी लोक अमेरिकेला आणि इकडेतिकडे गेले, त्यात नशीब काढायला गेलेले होते तसे आयर्लंडचे बटाटे कुजल्यावर १८४५ नंतर जीव वाचवायला बोटीत बसलेलेही होते, तिकीट दोघांनीही काढलं. माझा भाचा पोर्तुगीज पासपोर्ट करून इंग्लंडला स्विंडनला गेलाय, आई-वडिलांचा नाहीतर आजी-आजोबांचा जन्म १९ डिसेंबर १९६१ च्या आधीचा गोव्यातला असला की मिळतो. पॉलिटेक्निक शिकलेला पोरगा तिकडे गोदामात खोकी उचलतो. त्याला कुणी ढकललं नाही, पण इथं खाणी २०१२ ला बंद, परत सुरू, २०१८ ला परत बंद, बापाचा ट्रक दारात गंजला, हप्ते डोक्यावर. त्याच्याआधी त्याच्या मोठ्या भावाला आखातात पाठवतो म्हणून एका एजंटाने सव्वा लाख घेतले, तिथं पोचल्यावर पासपोर्ट काढून घेतला, ड्रायव्हरची नोकरी सांगून मेंढ्यांच्या गोठ्यावर ठेवला. परत आणायला आठ महिने आणि बहिणीचं मंगळसूत्र लागलं. एजंटाकडे त्याची सही होती, राजीखुशीची.

म्हणून मला वाटतं की माणूस मर्जीने आला का हे त्याला विचारून कळत नाही. त्याचं तिकीट कुणी काढलं, त्याचा कागद कुणाच्या खिशात आहे, आणि उद्या सकाळी परत जायचं ठरवलं तर तो जाऊ शकतो का, एवढं बघितलं की पुरे.

२०२० चा एप्रिल आठवतो? एकीकडे आपले गोव्याचे तारवटी क्रूझ जहाजांवर अडकलेले, बंदरात जहाज पण उतरायची परवानगी नाही, त्यांच्या आया-बायका सरकारला पत्रं लिहितायत, आपण सगळे हळहळतोय, पेपरात रोज बातमी. आणि त्याच दिवसांत घरामागच्या खोल्यांत झारखंडची सात पोरं बसून, काम बंद, ठेकेदाराने फोन बंद केलेला, गावाला जायचंय पण गाडी नाही, पोलीस बाहेर पडू देत नाहीत. अडकलेला तो आणि अडकलेला हा. एकाला आपण आमचा म्हणालो आणि दुसऱ्याला म्हणालो, यांच्यामुळे रोग पसरतो. मीही म्हणालो, खोटं कशाला बोलू. बायको मात्र रोज संध्याकाळी पेजेचं भांडं मागच्या कुंपणावर ठेवायची. मे महिन्यात थिवी स्टेशनवरून श्रमिक गाडी सुटली तेव्हा ती पोरं गेली.

त्यातलं एक परत आलंय. आता मोपा विमानतळाच्या रस्त्याला जे बंगले होतायत तिथं सेंट्रिंगचं काम करतो. मी त्याला विचारलं, कसा आलास? म्हणाला, बहिणीच्या लग्नाला ठेकेदाराने तीस हजार उचल दिली, ती फिटेस्तोवर आहे. आधार कार्ड कुठाय? ठेकेदाराकडे, सेफ राहतं म्हणाला. मला एकदम लालबागचा जॉबर दिसला, दस्तुरी आणि नारळासकट. त्या पोराला मुंबईच्या गिरणीबद्दल काही माहीत नाही आणि माझ्या आजोबांना झारखंड माहीत नव्हता, पण दोघं एकाच माणसाकडे लागलेत.

आता आपलं ते व्हेरिफिकेशन. घरमालकाने भाडेकरूची माहिती पोलीस स्टेशनला द्यायची, फोटो लावायचा. द्यावी, माझा विरोध नाही, गुन्हे होतात, कोण कुठं राहतं ते माहीत हवंच. मी स्वतः त्या फॉर्मची झेरॉक्स आणून बसून वाचली, सवयच ती. नाव, गाव, फोटो, आधार, कुठल्या घरात राहतो, सगळं विचारलंय. आणलं कुणी, उचल किती घेतली, पगार कुठल्या तारखेला मिळतो, यातलं एक अक्षर नाही. म्हणजे मजुराची तपासणी आहे आणि ठेकेदाराची नाही. आणि असं नाही की कायद्याला हे सुचलंच नव्हतं. १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी कायदा झाला, त्यात ठेकेदाराला लायसन्स, मजुराला फोटो लावलेलं पासबुक आणि त्यात मजुरी नि कपातीची नोंद, गाव सोडावं लागतं म्हणून पगाराच्या निम्मा विस्थापन भत्ता, वर जाण्या-येण्याचा खर्च, सगळं लिहिलेलं होतं. आता तो नव्या श्रम संहितेत घातलाय. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत असं पासबुक मी एकदाही बघितलं नाही, एकदाही!

तेव्हा ज्यांनी ते पत्र लिहिलं त्यांना माझा राग नाही, थुंकण्याबद्दल दंड करा, खोलीत दहा जण ठेवणाऱ्या घरमालकालाही करा (तो आपलाच गाववाला असतो, त्याच्याबद्दल तिन्ही पत्रांत एक ओळ नव्हती). पण त्या फॉर्मवर आणखी तीन रकाने वाढवा, ठेकेदाराचं नाव-लायसन्स, उचलीची रक्कम आणि कागदपत्रं मजुराच्या स्वतःच्या हातात आहेत का ते. पंचायतीच्या पातळीवर हे एका दुपारचं काम आहे, मी फुकट करून देईन, अक्षर अजून चांगलं आहे माझं.

पत्र फार लांबलंय, कापावं लागेल हे मला कळतं. कापायचं तर मुंबईचं कापा, मॉरिशसचं कापा, कुर्डीचं तेवढं राहू द्या. ती बाई वाड्याला असते, तिचा नातू तुमचा पेपर वाचून दाखवतो तिला, आणि मी तिला सांगून बसलोय की लिहितो म्हणून.

आपला,
एक जुना वाचक, पेडणे